ऑफिसबाहेरची जर्मन आणि हातातून सुटलेलं कोडिंग

तुमचा प्रश्न नीट वाचला. उत्तर लांबणार आहे, कारण विचारलंय एक आणि त्यात दुखणी दोन गुंतलेली आहेत.

आधी तुमचं म्हणणं मला जसं समजलं तसं मांडते. तुम्ही परभणीकडचे. पुण्याला ए२ पर्यंत (ए१ ते सी२ अशा पायऱ्यांतली दुसरी; बी१ तिच्या पुढची) जर्मन करून आठ महिन्यांपूर्वी स्टुटगार्टजवळच्या एका लहान गावात टेस्टिंगच्या नोकरीवर गेलात. ऑफिस इंग्रजीत चालतं, त्यामुळे दिवस निभतो. पण बाहेर पडलं की तोंड उघडत नाही. बेकरीत बोट दाखवून पाव घेता, अनोळखी नंबरचा फोन उचलत नाही, आणि टेबलावर सरकारी पाकिटं न उघडता पडून आहेत. दुसरीकडे, कॉलेजात असताना तुम्ही मामांच्या आडत दुकानासाठी पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाचा कागद, काढायचा प्रोग्राम लिहिला होता. तेव्हा रात्री जागून कोड लिहायचात आणि सकाळी थकवा नसायचा. आता सुटीच्या दिवशी तोच जुना कोड उघडला आणि दोन मिनिटांत लॅपटॉप मिटला. तुम्ही विचारता: बी१चा कोर्स लावू, की जर्मनचा नाद सोडून संध्याकाळ कोडिंगला देऊ? दोन्हीला वेळ पुरत नाही. शिवाय जाता जाता कीबोर्डबद्दलही विचारलंय, त्याचं उत्तर शेवटी देते.

मी मूळची उदगीरची. तुम्ही आहात त्याच बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात बरीच वर्षं सॉफ्टवेअरचं काम केलं. आता लातूरला असते आणि जर्मनीला निघालेल्या मुलामुलींना शिकवते: नर्सिंगची, आयटीआयची, इंजिनिअरिंगची. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाचा त्या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार झाला, तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्यांत खेड्यापाड्यांतली मुलं जास्त आहेत. त्यामुळे तुमच्यासारखी गाठ माझ्यापुढे वरचेवर येते.

माझ्या मते वेळ कमी आहे हे खरं असलं, तरी मूळ अडचण ती नाही. जर्मन तुमच्या वाट्याला फक्त अशा ठिकाणी येते जिथे समोरचा माणूस तुम्हाला तोलतो किंवा तुमचं काम अडवू शकतो: वर्ग, खिडकी, फोन. कोडचंही तेच झालंय. तिकीट, रिव्ह्यू, मुदत. चूक झाली तरी कोणाचं बिघडत नाही अशी जागा दोन्हींत उरलेली नाही. मामांच्या दुकानात ती होती. पट्टी चुकली तर मामा कॅल्क्युलेटर पुढे ढकलायचे आणि तुम्ही दुरुस्त करायचात, बस. म्हणून ‘जर्मन की कोडिंग’ अशी निवड मी करायला सांगणार नाही. जर्मन तुम्ही जसं कोडिंग शिकलात तशी शिका, आणि कोडिंग जर्मन माणसांत घेऊन जा, असं माझं सांगणं आहे. म्हणजे काय, ते पुढे येईल.

आधी परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते सांगते, नाहीतर माझा सल्ला कोणी भलत्याच जागी लावायचं. नर्सचं काम करायचं असेल तर साधारणपणे बी२ लागतं आणि तिथे हे उत्तर अपुरं आहे. तिने आधी परीक्षेमागे लागावं. आउसबिल्डुंगला, म्हणजे काम करत शिकायच्या व्यावसायिक प्रशिक्षणाला, जाणाऱ्यालाही बहुतेक ठिकाणी बी१ आधीच मागतात. तुम्ही ब्ल्यू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा वास्तव्य परवाना) असाल तर हिशेब असा: ए१ एवढी जर्मन असेल तर २७ महिन्यांनी कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो, बी१ असेल तर २१ महिन्यांनी. पुढे नागरिकत्व घ्यायचं म्हटलं तरी बी१ लागतंच. दोन-तीन वर्षांत परत यायचं ठरलेलं असेल तर ही घाई तुमची नाही. बर्लिनमध्ये राहणाऱ्याला इंग्रजीवर बराच काळ रेटता येतं, तुमच्यासारख्या लहान गावात येत नाही. बायको-मुलं येणार असतील तर सगळंच बदलतं, कारण शाळेची पालकसभा इंग्रजीत होत नाही आणि बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात फोन उचलणारी बाईही सहसा जर्मनच बोलते. यातलं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, म्हणून एकटे आहात आणि निदान तीन-चार वर्षं तिथे राहणार आहात असं धरून पुढे लिहिते.

आपल्या भागाला परक्या भाषेत रोज जगणं नवं नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. कारभार उर्दूत, वरच्या इयत्तांचं शिक्षण उर्दूत, आणि १९१८ मध्ये हैदराबादला निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचंच. माझे आजोबा घरी मराठी बोलत, तहसिलीत उर्दूत अर्ज लिहीत आणि उदगीरच्या बाजारात आलेल्या कानडी माणसांशी कानडीत भाव करत. कानडी त्यांना वाचता येत नसे. उर्दूत गप्पा मारायला बसवलं असतं तर फार वेळ टिकले नसते. तरीही कुठल्याच भाषेपुढे ते अवघडलेले मी पाहिले नाहीत, कारण कोणती भाषा कशापुरती लागते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आपण मात्र ‘मला बी१ येतं का?’ असं स्वतःला विचारतो. दवाखान्यात काय बोलायचं ते येतं का, कचऱ्याची नोटीस वाचता येते का, शेजारणीशी दोन वाक्यं बोलता येतात का, असे सुटे प्रश्न विचारले तर उत्तरंही सुटी मिळतात आणि त्यावर काहीतरी करता येतं.

आता तुम्ही कोडिंग कसं शिकलात ते आठवा. टर्बो सी या कोड लिहायच्या जुन्या सॉफ्टवेअरची निळी स्क्रीन, आणि खाली इंग्रजीत एरर. मराठी शाळेतून आलेल्या आपल्यातल्या कितीजणांना ते अख्खं वाक्य कळत होतं? ओळीचा क्रमांक कळायचा, एखादा ओळखीचा शब्द दिसायचा, तेवढ्यावर आपण बदल करून पुन्हा चालवून बघायचो. मजकूर अर्धा कळला तरी त्यावर कृती करायची ही सवय मोठी आहे, आणि ती तुमच्यात आधीपासून आहे. बारावीपर्यंत इंग्रजीला घाबरणारी मुलं कंपायलरच्या, म्हणजे कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या, इंग्रजीला घाबरत नव्हती, कारण कंपायलर हसत नव्हता.

ही सवय पहिल्यांदा त्या न उघडलेल्या पाकिटांवर वापरा. जर्मन सरकारी पत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायला घेतलंत तर तिसऱ्या ओळीला हात टेकाल, तिथल्या लोकांनाही ती भाषा जड जाते. आधी पाठवणारा कोण ते बघा. मग ठळक अक्षरातली विषयाची ओळ. मग मजकुरात तारीख शोधा: ‘फ्रिस्ट’ हा शब्द किंवा ‘बिस त्सुम’च्या पुढे आलेली तारीख म्हणजे शेवटची मुदत. मग रक्कम आणि खाते क्रमांक आहे का ते पाहा. वर कोपऱ्यात ‘आक्टनत्साइखेन’ म्हणून एक क्रमांक असतो, तो तुमच्या प्रकरणाचा. फोन केला किंवा उत्तर लिहिलं की आधी तोच विचारतात. पत्राच्या शेवटी आक्षेप कसा आणि किती दिवसांत घ्यायचा याचा परिच्छेद असेल तर तो निर्णय आहे हे ओळखा. आक्षेपाला बहुतेक वेळा एक महिना असतो. एवढ्या गोष्टी कागदावर लिहून काढल्या की पत्रातलं कामाचं बहुतेक हाती आलं. भाषांतराचं ॲप त्यानंतर उघडा, आधी नाही. आधी उघडलंत तर काम होईल, पण पुढचं पत्र आलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पिवळं पाकीट आलं असेल तर ते आजच उघडा, हा परिच्छेद वाचून झाल्या झाल्या. ते रीतसर बजावणीचं पाकीट असतं, टाकणारा माणूस त्यावर तारीख लिहितो आणि मुदत त्या तारखेपासून मोजतात. तुम्ही उघडलं कधी याच्याशी त्याचा संबंध नाही. पाकीटही फेकू नका. आणि तुमच्या ढिगात रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र असणार याची मला जवळपास खात्री आहे. पत्त्याची नोंदणी झाली की ते येतं. घरात टीव्ही नाही म्हणून मुलं ते फसवणूक समजून टाकून देतात. ती फसवणूक नाही. वर्गणी घरामागे आहे, माणसामागे नाही. २०२१ मध्ये ठरलेला दर महिन्याला १८.३६ युरो. कोणाबरोबर घर वाटून राहत असाल आणि तो भरत असेल, तर त्याचा वर्गणी क्रमांक कळवला की तुमचं काम संपलं.

बोलण्याचं सांगते. रोजच्या जागांचं बोलणं फार थोडं असतं आणि पुन्हा पुन्हा तेच असतं. काउंटरवरची बाई तुम्हाला काय विचारते? पॉइंट जमवता का, पावती हवी का, कार्ड की रोख. बेकरीत: अजून काही, कापून देऊ का, इथे खाणार की नेणार. सगळे प्रश्न एका हाताच्या बोटांवर मावतात. एक शनिवार दुकानात थोडं मागे उभे राहा आणि तुमच्या पुढच्या माणसाला काय विचारतात, तो काय म्हणतो, एवढंच ऐका. घरी येऊन ते जसं ऐकलं तसं देवनागरीत लिहा. स्पेलिंगच्या मागे लागू नका. देवनागरीत जर्मन उच्चार बऱ्यापैकी पकडता येतो, याचा फायदा घ्या. बाटल्या परत करायचं काम तर नवख्यासाठी उत्तम: एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट अनामत असते, यंत्रात बाटल्या टाकल्या की चिठ्ठी मिळते, ती काउंटरवर द्यायची. बोलणं एका वाक्याचं आणि चुकण्यासारखं त्यात काही नाही. अशा ठिकाणी आधी जीभ सैल करा.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही जर्मन सुरू केली की समोरचे इंग्रजीत येतात आणि मग हिंमत खचते. ते मदत म्हणून करतात. हसून सांगायचं की मी शिकतोय, जर्मनमध्येच बोलूया, हळू बोला. हे वाक्य इतकं पाठ असावं की झोपेतून उठवलं तरी बाहेर पडावं. माझ्या अनुभवात बहुतेक लोक लगेच थांबतात आणि खरोखर हळू बोलतात. रांगेत मागे दहा माणसं असतील तेव्हा मात्र हा आग्रह धरू नका, इंग्रजीत उरका आणि निघा.

पुण्यात शिकलेली जर्मन आणि तुमच्या गावातली जर्मन यांत फरक आहे, तो तुमच्या कानाचा दोष नाही. तिथे श्वेबिश ही बोली बोलतात. पुस्तकातलं ‘इस्ट’ तिथे ‘इश’ होतं, ‘निख्ट’चं ‘नेट’ होतं. पुस्तकात ‘काय करत आहेस’ शिकलेला परदेशी माणूस लातूरच्या बसस्टँडवर उतरला आणि कोणी त्याला ‘काय करायलास’ म्हणालं, तर तो काय समजेल? तसंच तुमचं होतंय. तिथल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं पहिल्या वर्षात पूर्ण कळणार नाही, आणि नाही कळलं तरी चालतं. त्यांच्याशी बोलायला तुमच्या इमारतीत केअरवोखे, म्हणजे झाडलोटीची पाळी, असेल तर ती संधी समजा. जिना झाडायची पाळी आठवड्यागणिक फिरते, दारावर पाटी लटकते. पाटी पुढच्या घरी देताना दोन शब्द बोलावेच लागतात, आणि जिना नीट झाडणाऱ्या भाडेकरूशी शेजारी आपणहून बोलतात, हे मी अनेकदा पाहिलंय.

मराठी माणसाला जर्मनमध्ये काही गोष्टी सोप्या जातात, आणि वर्गात हे कोणी सांगत नाही. तीन लिंगं आपल्याला जन्मापासून माहीत आहेत. तू आणि तुम्ही यांतला फरक जर्मनमध्येही आहे, आणि कोणाला काय म्हणायचं याचं भान आपल्याला लहानपणीच लागलेलं असतं. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं म्हणून इंग्रजी बोलणारे कपाळाला हात लावतात. आपलं क्रियापद शेवटीच असतं. एकवीस, बावीस म्हणताना आपण एकक आधी घेतो, जर्मनही तसंच घेतात. फक्त नामाचं लिंग मराठीवरून ठरवायला जाऊ नका. आपलं टेबल नपुंसकलिंगी, त्यांचं पुल्लिंगी. शब्द नेहमी त्याच्या आधीच्या ‘डेअर, डी, दास’सकट पाठ करा, वेगळा करूच नका.

फोन सगळ्यात शेवटी ठेवा. चेहरा दिसत नाही, हातवारे नाहीत, म्हणून तो अनुभवी माणसालाही जड जातो. डॉक्टरची वेळ घ्यायची असेल तर पहिली तीन वाक्यं लिहून समोर ठेवा: नाव, जन्मतारीख, कशासाठी वेळ हवी. कुठे दुखतं, कधीपासून, कोणती गोळी चालू आहे, कशाची ॲलर्जी आहे, हे आजारी पडायच्या आधी लिहून ठेवलेलं बरं. रात्री-अपरात्री दुखणं निघालं पण जिवावरचं नाही, तर ११६११७. जिवावरचं असेल तर ११२. हे दोन नंबर आजच मोबाइलमध्ये टाका.

आता कोडिंगकडे येते. खरं सांगायचं तर तुमच्या प्रश्नातला हाच भाग मला जास्त लागला.

तुम्ही लिहिलंत की जुना कोड बघून लाज वाटली. एकाच फंक्शनमध्ये सगळं, व्हेरिएबलची नावं ‘हमाली’, ‘तोलाई’, ‘मामाटोटल’ अशी रोमन लिपीत, कॉमेंट एकही नाही. मी तुम्हाला तो कोड पुन्हा उघडायला सांगणार आहे, पण वाचायला नाही, चालवायला. टर्बो सीचं जुनं काम डॉसबॉक्स या जुने प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आजही चालतं. एक वजन टाका, एक भाव टाका, हमाली-तोलाई वजा होऊन रक्कम येते का बघा. ती येईल. नव्या नोकरीच्या डोळ्यांनी कोड वाचला की त्यातलं ओबडधोबडपण दिसतं. चालवला की तो कोणासाठी होता ते दिसतं.

आणि त्या नावांची लाज तर मुळीच बाळगू नका. जर्मन कंपन्यांच्या जुन्या कोडमध्ये डोकावून बघा. बाकी सगळं इंग्रजी, पण गिऱ्हाईक, बिल, रक्कम यांची नावं जर्मन असतात, कारण कामाचे ते शब्द हिशेबनीसाच्या तोंडचे असतात आणि भाषांतर केलं की घोळ होतात. तुम्ही हमालीला हमालीच म्हणालात, तेव्हा नकळत तेच केलंत. त्या कोडला कामाची समज होती. रचना नंतर शिकता येते, आणि तुम्ही ती नोकरीत शिकलातही.

मग आनंद गेला कुठे? माझं निरीक्षण असं आहे की छंदाच्या कोडिंगला डोळ्यांसमोर दिसणारा वापरणारा लागतो. मामा तो कागद शेतकऱ्याच्या हातात देताना तुम्ही तिथे उभे असायचात. नोकरीत तुमचं काम हजारो लोक वापरत असतील, पण त्यांतला एकही तुम्हाला दिसत नाही. म्हणून घरी बसून ‘एखादा प्रोजेक्ट करावा’ म्हटलं की हात हलत नाही, कारण तो प्रोजेक्ट कोणाचाच नसतो. नवी भाषा, नवी फ्रेमवर्क शिकण्याने हे भरून येत नाही. माझ्याकडे येणारे कित्येक जण हेच करतात: व्हिडिओ बघून कोर्स पूर्ण करतात, गिटहबवर रिकामे फोल्डर साठवतात आणि महिनाभरात थांबतात.

दुसरं, तुमचा थकवा खरा आहे. दिवसभर इंग्रजी, बाहेर जर्मन; परक्या भाषेत नुसतं ऐकत राहिलं तरी डोकं शिणतं. रात्री दहाला कोड लिहायला बसणं कॉलेजात जमायचं, आता जमणार नाही. रविवारी तिथे दुकानं बंद असतात आणि शांतता पाळावी लागते, ती सकाळ कोडसाठी राखा. आठवड्यातून तेवढंच. आणि रोज थोडा वेळ मराठीत बोला, घरी किंवा मित्राशी. मराठीत बोललो तर जर्मन मागे पडेल अशी भीती काही जण घेऊन येतात. तसं होत नाही. पोटभर मराठी बोललेला माणूस दुसऱ्या दिवशी जर्मनमध्ये जास्त धीट असतो, हे मी विद्यार्थ्यांत पाहिलंय.

पहिलं काम मामांचंच घ्या. तोच पट्टीचा प्रोग्राम, पण आता देवनागरीत, पायथनमध्ये, आणि शेवटी पीडीएफ व्हॉट्सॲपवर जाईल असा. यात शिकण्यासारखं भरपूर आहे. ‘पट्टी’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो, पायथनला विचारलं तर लांबी पाच सांगतो: प, ट, हलन्त, ट, ईकार. त्यामुळे रकाने सरळ लावायचं जुनं तंत्र मोडतं. ‘दुसऱ्या’सारख्या शब्दातला अर्धा ऱ दोन वेगळ्या पद्धतींनी साठवला जातो, म्हणून तोच शब्द शोधून सापडत नाही. मामांकडे जुनी नावं युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेली असतील तर ती बदलणं हा वेगळाच उद्योग, आणि मला विचाराल तर फार मजेचा. जर्मनमध्येही हेच प्रश्न दुसऱ्या रूपात भेटतात. ‘श्ट्रासे’ हा शब्द मोठ्या अक्षरांत बदलला की त्यातल्या एका ‘एस्त्सेट’चे (ß या अक्षराचे) दोन ‘एस’ होतात आणि शब्दाची लांबी वाढते. दोन टिंबांचा ‘यु’ दोन प्रकारे साठवता येतो. देवनागरीशी झटलेल्या माणसाला हे लगेच कळतं. फक्त इंग्रजीत वाढलेला प्रोग्रामर इथे गोंधळतो.

दुसरं काम तुमच्या तिथल्या जगण्याचं घ्या, आणि ते लहानच ठेवा. गावची कचऱ्याची वर्षभराची तारीखपत्रिका बहुतेक नगरपालिका कॅलेंडर फाइल म्हणून देतात. आदल्या रात्री कोणता डबा बाहेर ठेवायचा ते सांगणारा प्रोग्राम लिहा आणि शेजारणीलाही द्या. किंवा बँकेचं विवरण वाचणारा. तिथली सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातला तक्ता) सहसा अर्धविरामाने तोडलेली असते, दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब. १.२५० म्हणजे सव्वा नव्हे, बाराशे पन्नास. हे हाताने एकदा वाचलंत की तिथली बिलंही नीट वाचता येतात.

शब्द पाठ करायचा प्रोग्राम लिहायचा मोह तुम्हाला होणार. झेबास्टियान लाइटनर यांची १९७०च्या दशकातली पेट्यांची पद्धत आहे: बरोबर आलेली चिठ्ठी पुढच्या पेटीत, चुकलेली परत पहिल्या पेटीत, पुढच्या पेट्या कमी वेळा उघडायच्या. शंभरेक ओळींत होते. जरूर लिहा. पण ज्यांना कोड आवडतो त्यांची इथे एक वाट चुकते: प्रोग्रामला रंग देणं, आकडेवारीचे आलेख काढणं यात महिना जातो आणि त्या महिन्यात एकाही जर्मन माणसाशी बोलणं होत नाही. म्हणून मी विद्यार्थ्यांना एक अट घालते. पेटीत फक्त तेच शब्द जातील जे तुम्ही स्वतः कुठेतरी ऐकलेत किंवा पत्रात पाहिलेत. तयार यादी आणून ओतायची नाही. मग शब्द जमवायला घराबाहेर पडावंच लागतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या भागात हॅकरस्पेस, म्हणजे कॉम्प्युटरची आवड असलेले लोक जमतात ती जागा, शोधा. जर्मनीत सहा लाखांहून जास्त नोंदणीकृत ‘फेराइन’ म्हणजे मंडळं आहेत, त्यांत कॉम्प्युटरच्या छंदाचीही आहेत. १९८१ मध्ये सुरू झालेल्या केऑस कॉम्प्युटर क्लबच्या शाखा आणि त्यांच्याशी जोडलेल्या जागा अनेक शहरांत आहेत, आठवड्यातून एक संध्याकाळ बहुधा सगळ्यांसाठी खुली असते. तिथे जाऊन बसा. कोडबद्दल बोलणं चालू असतं, त्यातले अर्धे शब्द इंग्रजीच असतात, उरलेल्या अर्ध्यांचा अर्थ स्क्रीनवर दिसत असतो. तिथे तुम्ही भाषेत कच्चे असाल, विषयात नाही. समोरच्यालाही तुमचं म्हणणं ऐकायची गरज असते. मामांच्या प्रोग्रामात देवनागरीची लांबी पाच का येते हे जर्मनमध्ये एकाला समजावून सांगा. वाक्यं मोडकी येतील, तरी तो शेवटपर्यंत ऐकेल, कारण त्याला खरंच जाणून घ्यायचं असेल. वर्गात अशी संधी मिळत नाही.

कोर्सचं विचारलंत. नोकरी सांभाळून सकाळचा रोजचा कोर्स करू नका. फोक्सहोखशूलेचा, म्हणजे प्रौढांसाठीच्या सार्वजनिक शिक्षणसंस्थेचा, संध्याकाळचा, आठवड्यातून दोन दिवसांचा बी१ लावा. तो सावकाश जातो, पण मधल्या दिवसांत ऐकलेलं मुरायला वेळ मिळतो. ब्ल्यू कार्डवर असाल, तर त्याच्या २१ आणि २७ महिन्यांमध्ये सहा महिन्यांचं अंतर आहे. घाई नसेल तर एखादी परीक्षा पुढे गेल्याने काही बिघडत नाही. हॅकरस्पेसची संध्याकाळ आणि कोर्सची संध्याकाळ एकाच दिवशी आली तर पहिले तीन महिने मी हॅकरस्पेसला जा म्हणेन आणि कोर्सचा दुसरा गट बघा म्हणेन. यावर माझ्या बरोबरीचे काही शिक्षक माझ्याशी सहमत नाहीत, त्यांच्या मते व्याकरणाचा पाया आधी. ए२ झालेल्या माणसाकडे पाया पुरेसा असतो, असं मला वाटतं.

राहिला कीबोर्ड. जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेड यांची अदलाबदल असते, आणि महिरपी व चौकोनी कंस उजव्या ऑल्टबरोबर ७, ८, ९, ० दाबून येतात. कोड लिहिताना मनगट दुखतं ही तुमची तक्रार रास्त आहे. ऑफिसात जे आहे ते वापरा, तिथे पत्रव्यवहारही करायचा असतो. घरी मात्र भारतातून नेलेला साधा अमेरिकन मांडणीचा कीबोर्ड ठेवा आणि विंडोजमध्ये तीन मांडण्या लावा: कोडसाठी अमेरिकन, जर्मनसाठी यूएस-इंटरनॅशनल, मराठीसाठी इनस्क्रिप्ट. विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबलं की मांडणी बदलते. इंटरनॅशनलमध्ये दुहेरी अवतरणचिन्ह दाबून यू दाबला की दोन टिंबांचा यू मिळतो, आणि उजव्या ऑल्टबरोबर एस दाबला की एस्त्सेट. कोड लिहिताना ती मांडणी चालू ठेवू नका, अवतरणचिन्हं लगेच उमटत नाहीत आणि चिडचिड होते.